माणसं खाली

शिवा घाडीगावकर घाबरट आहे, ही गोष्ट घोडपदेवातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. ज्याची उभी हयात मनोऱ्यावर चढण्या-उतरण्यात गेली त्याला घाबरट म्हणणं जरा विचित्रच. पण लोक म्हणत होते, आणि शिवाने त्यावरून कधी कुणाशी वाद घातला नाही. वाद घालायलासुद्धा थोडं धाडस लागतं.

रेडिओ-टीव्हीचा हा मनोरा शिवाच्या चाळीच्या मागच्या टेकडीवर होता. कोणत्याही गॅलरीत उभं राहिलं की तो लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा सांगाडा डोळ्यांत भरायचाच. शिवा जेमतेम चालायला लागला होता तेव्हा मनोरा उभा राहत होता. शिवाचे वडील रामजी लालबागच्या गिरणीत साच्यावर कापड विणायचे. सुट्टीच्या दिवशी पोराला खांद्यावर घेऊन ते काम बघायला जायचे आणि नाक मुरडून परत यायचे. त्यांना कौतुक गिरणीच्या चिमणीचं. चिमणी कशी विटांची, भरीव, वाऱ्यापुढे छाती काढून उभी. हे काय, नुसत्या पट्ट्या आणि बोल्ट, आरपार आभाळ दिसतंय. पहिल्याच वादळात मुंबईच्या डोक्यावर येणार. पुढे वादळ आलं, तेव्हा चिमणीच्या वरच्या विटा ढासळल्या आणि मनोऱ्याचा एक बोल्ट हलला नाही. रामजी दोन दिवस मनोऱ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, चिमणी वाऱ्याशी भांडते, हा त्याला मधून जाऊ देतो. मनोऱ्याच्या बांधणीबद्दल शिवाने पुढे साहेबलोकांकडून बरंच ऐकलं, पण यापेक्षा नेमकं काही ऐकलं नाही.

चार पाय, टेकडीच्या काळ्या दगडात खोल गाडलेले. तळाशी ते इतके फाकलेले की मधून ट्रक जावा. वर जाता जाता ते एकमेकांकडे झुकत येतात, आडव्या-तिरप्या पट्ट्या त्यांना जखडून ठेवतात, आणि सगळ्यात वर अँटेनाचा एकच बारीक दांडा उरतो. मध्ये तीन ठिकाणी जाळीच्या फळ्यांचे कट्टे आहेत. चढणारी माणसं त्यांना माळे म्हणतात, चाळीतल्यासारखे. वाऱ्यात हा दांडा डोलतो. डोलतो म्हणूनच मोडत नाही, असं एका इंजिनीअरसाहेबांनी शिवाला समजावलं होतं. साहेब खाली खुर्चीवर बसून सांगत होते. शिवाला त्याच दुपारी वर जायचं होतं.

गिरणी बंद पडल्यावर शिवा रंगाऱ्यांच्या टोळीत लागला. समुद्राचा खारा वारा लोखंड खातो, म्हणून मनोरा सतत खरवडायचा आणि रंगवायचा. रंग वरून खाली यायचा, म्हणजे रंगाऱ्याला आधी टोक गाठावं लागतं. पहिल्या दिवशी टोकावर शिवाने दांड्याला अशी मिठी मारली की अंगावरचा शर्ट लाल झाला. भीती दुसऱ्या दिवशी कमी होईल असं सगळे म्हणाले. ती कधीच कमी झाली नाही. तो कमरेचा पट्टा एकदा अडकवायचा, ओढून बघायचा, पुन्हा सोडून अडकवायचा. हात लागेल तो बोल्ट चाचपायचा. बाकीचे खाली उतरून चहा पीत असायचे तेव्हा हा दुसऱ्या माळ्यावर. टोळीत त्याची टिंगल व्हायची, तरी नवं माणूस आलं की त्याला शिवाच्याच जोडीला द्यायचे. बायकोचा धाकटा भाऊ दीपक यालाही त्यानेच चढायला शिकवलं.

काही वर्षांपूर्वी टोकावरचा लाल दिवा बदलताना शिवाचे पाय एकाएकी थिजले. डोकं सांगत होतं उतर, पाय ऐकत नव्हते. टोळीतल्या कुशाबाने खालून त्याचं एकेक पाऊल हातात धरून शिडीच्या दांडीवर ठेवलं आणि त्याला जमिनीवर आणलं. त्यानंतर शिवा वर गेला नाही. त्याला खालचा माणूस केलं.

एक गोष्ट मात्र त्याने कुणालाच सांगितली नाही, बायकोला, दर्शनालाही नाही. त्या दिवसापासून त्याला मनोऱ्याकडे मान वर करून बघताच येत नव्हतं. मागून ढग सरकत असले की मनोराच आपल्यावर कोसळतोय असं वाटायचं आणि मान आपोआप खाली जायची. ज्याने वरच्या माणसांवर लक्ष ठेवायचं, तोच वर बघत नव्हता.

मग शिवा बघायचा कुठे? चपलांकडे. टोळीचा हा जुना शिरस्ता होता. वर जाताना प्रत्येकाने आपल्या चपला उत्तरेकडच्या पायापाशी काढायच्या, तिथल्या पेटीतले कॅनव्हासचे बूट घालायचे आणि मनोऱ्याला हात लावून चढायचं. उतरल्यावर आपापल्या चपला घालायच्या. जितके जोड रांगेत, तितकी माणसं वर. मोबाईल वर न्यायचे नाहीत, कारण हातातून सुटला तर खालच्याचं डोकं फुटेल. आणि वॉकीटॉकी अँटेनाजवळ नुसता खरखरतो. चपला कधी खरखरत नाहीत, असं शिवा म्हणायचा.

हा हिशेब इतका मोलाचा का, तेही सांगायला हवं. टोकाला काम असलं की दुपारी प्रक्षेपण थोडा वेळ बंद ठेवतात. टीव्हीचं काम आता तिथून होत नाही, पण रेडिओ अजून तिथूनच जातो. प्रक्षेपण चालू असताना अँटेनापाशी माणूस असला तर ठिणगी उडत नाही, आवाज होत नाही, काही दिसतही नाही. माणूस आतून भाजतो. म्हणून पॉवर चालू करण्याआधी खालच्या माणसाने टेकडीच्या वरच्या अंगाला असलेल्या ट्रान्समीटर हॉलमध्ये फोन करायचा आणि दोनच शब्द बोलायचे: माणसं खाली. मग भोंगा वाजतो. भोंगा थांबला की हॉलमधला इंजिनीअर बटण दाबतो.

हे दोन शब्द बोलायला शिवाला वेळ लागायचा. रांग बघायची, पुन्हा बघायची, फोन उचलायचा, ठेवायचा, बाहेर येऊन परत रांग बघायची. शेवटी बोलायचा तेव्हा आवाज असा कापायचा, की थंडीतापाचा माणूस बोलतोय असं वाटावं.

त्या दिवशी सकाळी चाळीच्या जिन्यावर दीपकच्या चपलेचा अंगठा तुटला. तो शिवाच्याच खोलीत राहायचा. दर्शना म्हणाली, जरा टेक, पाणी पी आणि मग जा. शिवाच्या मनात तेवढ्यात नको ते येऊन गेलं आणि आज वर जाऊ नकोस, असं तो म्हणालासुद्धा. दीपक हसला. कामाचे बूट धुवायला म्हणून घरी आणले होते, तेच त्याने पायात चढवले. तुटकी चप्पल आणि तिची जोडीदारीण शिवाने एका पिशवीत घालून स्वतःच्या थैलीत टाकली. नाक्यावरचा चांभार दुपारी बसतो, जाता-येता शिवून घेऊ, असा त्याचा विचार.

टेकडी चढताना दीपकने चाल मंद केली. मग म्हणाला, "भावजी, एक बोलू? राग नका मानू. टपरीवर अमित तुमची नक्कल करतो. माणसं खाली, असं कापत कापत. सगळे हसतात. मला लई कसंतरी होतं हो."

अमित म्हणजे टोळीतला नवा गडी, नकला करण्यात पटाईत. शिवाला राग आला नाही, लाज वाटली. लोक घाबरट म्हणतात हे त्याला माहीत होतं. पण आपल्यापायी पोराला, ज्याला बोट धरून चढवलं त्याला, मान खाली घालावी लागते हे माहीत नव्हतं. आज फोनवर ठणठणीत बोलायचं, असं त्याने मनाशी ठरवलं.

आणि इथेच घात झाला. एरवी माणसं चढायला लागली की शिवा चपलांच्या रांगेपाशी ठाण मांडून बसायचा. त्या दिवशी तो पत्र्याच्या शेडमध्ये गेला आणि भिंतीकडे तोंड करून, हलक्या आवाजात, तेच दोन शब्द घोकत राहिला. कुशाबा आणि अमित यांनी चपला काढल्या, पेटीतले बूट घातले आणि चढले. दीपकच्या पायात बूट होतेच. तो मनोऱ्याला हात लावून तसाच वर गेला. रांगेत दोनच जोड लागले, आणि ते बघायला तिथे कुणी नव्हतं.

दुपारी वारा वाढला. कुशाबा आणि अमित दुसऱ्या माळ्यावर बोल्ट आवळत होते, दीपक वर दांड्यापाशी दिव्याचं काम करत होता. त्याने हाक मारून आलोच म्हणून सांगितलं, निदान कुशाबाला तसं ऐकू आलं. मग ते दोघे हत्यारं गोळा करायला पलीकडच्या कोपऱ्यात गेले. परत आले तेव्हा शिडीवर कुणी नव्हतं. दीपक आपल्या पाठीमागून उतरून गेला असणार, असं दोघांनीही धरलं. खाली येऊन चपला घातल्या आणि हाताचा रंग धुवायला नळावर गेले.

शिवा शेडमधून बाहेर आला. रांग रिकामी होती. एकही चप्पल नाही. त्याने एकदाच पाहिलं. दुसऱ्यांदा बघावंसं वाटलं, पण हेच तर आज करायचं नव्हतं. आत जाऊन त्याने फोन उचलला.

"माणसं खाली," तो म्हणाला.

आवाज मोकळा आला, जराही कापला नाही. फोन ठेवताना त्याला स्वतःचंच नवल वाटलं. इतकी वर्षं उगाच जीव जाळला की काय, असंही मनात आलं. कधी नव्हे ती भूकसुद्धा लागली. भोंगा सुरू झाला तेव्हा तो डबा काढायला थैलीत हात घालत होता.

हाताला डबा लागला नाही, पिशवी लागली. त्याने ती बाहेर काढली. आत दीपकच्या चपला होत्या.

थोडा वेळ त्याला काही कळलंच नाही. चपला इथे आहेत, म्हणजे दीपक खाली आहे, असं डोक्याने सवयीने सांगितलं. मग त्याने तुटका अंगठा पाहिला. चपला सकाळपासून इथेच आहेत. त्या रांगेत लागल्याच नव्हत्या.

"दीपक कुठाय?" तो ओरडला.

नळावरून कुशाबाने मान वळवली. "माका वाटला तो आदीच उतारलो," तो म्हणाला, आणि बोलता बोलता त्याचं तोंड पांढरं पडलं.

शिवाने फोन उचलून हॉलचा नंबर फिरवला. पलीकडे घंटी वाजत राहिली, कुणी उचलला नाही. भोंग्यात ऐकू जात नसेल, की हात बटणावर असेल? त्याने अमितला हॉलकडे पिटाळलं आणि तो धावत सुटलाही, पण चढण उभी होती आणि भोंगा काही कुणासाठी थांबणार नव्हता. वर दीपकला तो ऐकू येईल अशी आशा नव्हती. टोकावरचा वारा खालचा सगळा आवाज पळवून नेतो, हे शिवाइतकं कुणाला माहीत होतं?

लोखंडातून मात्र आवाज जातो. शिवाने हातोडा घेतला आणि उत्तरेचा पाय बडवायला सुरुवात केली. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे वर ओढ. आणि ठोके थांबलेच नाहीत तर हातातलं टाकून खाली पळ, ही टोळीची जुनी खूण. तो बडवत राहिला. प्रत्येक घावाला झिणझिण्या कोपरापर्यंत जात होत्या. त्याच्या तोंडून देवाची नावं येत होती, दर्शनाचं नाव येत होतं. तिला काय सांगू, तुझ्या भावाला मीच भाजला म्हणून सांगू?

भोंगा थांबला.

आता दीपकने ठोके ऐकलेत की नाही, हे कळायला एकच उपाय होता. शिवाने मान वर केली.

ढग सरकत होते. मनोरा हलला, झुकला आणि सगळाच्या सगळा त्याच्या अंगावर येऊ लागला. शिवा पायाच्या चौथऱ्यावर बसला, एका हाताने लोखंड धरलं, दुसऱ्या हाताने हातोडा मारत राहिला आणि मान खाली घातली नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आभाळ गरगरत होतं. पहिला माळा, दुसरा, तिसरा. त्याच्यावर तो बारीक दांडा. दांड्यावर एक ठिपका. ठिपका जागचा हलत नव्हता.

दीपक भाजत असेल तरी ठिपका असाच राहील, हे शिवाच्या मनात आलं आणि त्याला वाटलं, आपलं काळीज इथेच थांबणार. तरी त्याने डोळे मिटले नाहीत. मनोरा अंगावर पडत होता तो पडू दे.

मग ठिपका हलला. एक पाय खाली आला असावा. पुन्हा हलला. दीपक उतरत होता, भराभर, शिकवल्यापेक्षा भराभर; आणि एरवी बोंब मारून त्याला सावकाश उतर म्हणणारा शिवा ठोक्यांनी त्याला खाली हाकत होता. दांडा मागे पडला. तिसरा माळा आला. तिथून खाली धोका नव्हता, तरी तो दुसऱ्या माळ्यावर येईपर्यंत शिवाचा हात थांबला नाही. कुशाबाने येऊन हातोडा काढून घेतला, तेव्हा त्याच्या तळव्याची कातडी हातोड्याच्या मुठीला चिकटून आली.

दीपक जमिनीवर उतरला आणि चौथऱ्यापाशी मटकन बसला. "काय झालं भावजी?" एवढंच त्याने विचारलं. शिवाने त्याचे हात चाचपले, गाल चाचपले, कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं. अंग गार होतं, वाऱ्याने गारठलेलं. मग शिवाला इतकं रडू फुटलं की दीपक घाबरला.

अमित परत आला तो एकटा नव्हता. हॉलच्या इंजिनीअर ऋग्वेदा राजाध्यक्ष त्याच्यासोबत होत्या, धापा टाकत. मूळच्या गिरगावच्या, वयाने लहान, बोलणं मोजकं. अमितची त्यांची गाठ अर्ध्या वाटेतच पडली होती. त्या आधीच खाली यायला निघाल्या होत्या. पॉवर चालू झालीच नव्हती.

"काका, फोन कुणी केला होता?" त्यांनी विचारलं.

शिवाने डोळे पुसले. "मीच केलेला, बाई. चूक माझी. मी पाहिलं नाही."

त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. "मला तुमचा आवाज वाटलाच नाही," त्या म्हणाल्या. "सवयीने मी भोंगा दिला. पण बटणावर हात ठेवल्यावर मनातून जाईना. तुमचा आवाज कापतो ना, तो ऐकला की मला धीर येतो. आज कुणीतरी वेगळाच माणूस ठणठणीत बोलला. तुम्हाला काही झालंय आणि दुसऱ्या कुणी उगाच फोन केलाय, असं वाटलं मला. म्हणून हात काढला आणि बघायला आले."

अमित नळाकडे तोंड करून उभा राहिला. आपण थट्टा केली ती कशाची, हे त्याच्या हळूहळू ध्यानात येत होतं.

रेडिओ मात्र अजून बंद होता. ऋग्वेदाबाई हॉलकडे परत निघाल्या आणि जाताना म्हणाल्या, काका, सावरलात की सांगा. दुसऱ्या कुणी फोन करावा असं कुशाबा म्हणणार होता, पण शिवा उठला. त्याने पिशवीतल्या चपला काढून दीपकच्या पायापुढे ठेवल्या; एक धड, एक तुटकी. दीपकने त्यांत पाय घातले, कुशाबा आणि अमित आपापल्या चपला घालून त्याच्या शेजारी उभे राहिले. शिवाने तिघांच्या तोंडांकडे पाहिलं. मग चौथऱ्याला धरून मान वर केली. पहिला माळा, दुसरा, तिसरा, दांडा. मनोरा पुन्हा त्याच्या अंगावर पडला. पडत असतानाच त्याने तो टोकापर्यंत पाहून घेतला, आणि शेडमध्ये गेला.

फोन उचलला, ठेवला. बाहेर येऊन परत पाहिलं. पुन्हा उचलला.

"मा... माणसं खाली," तो म्हणाला. आवाज इतका कापत होता की दुसरा शब्द अर्धा घशातच राहिला.

"हं काका," पलीकडून ऋग्वेदाबाई म्हणाल्या, "आता तुम्हीच बोलताय," आणि त्यांनी भोंगा दिला.